नजर लागावी म्हणून

सोमवार, ३

आज डाव्या डोळ्यात तीनदा वीज चमकली. बाहेर आभाळ स्वच्छ होतं. दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी एका मास्तरांच्या चष्म्याची काच चाकावर घासत होतो, तेवढ्यात डोळ्याच्या कडेला लखकन काहीतरी झालं. वळून पाहिलं तर भिंत. भिंतीवर खुंटी, खुंटीला मालकांची टोपी. सगळं जागच्या जागी.

मालकांना सांगितलं तर हसायला लागले. "अठरा वर्षं लोकांचे नंबर काढतोयस, आता स्वतःचा काढ." परवा याच माणसाने गिऱ्हाइकासमोर माझं तोंड भरून कौतुक केलं होतं. काचेवरचा केसाएवढा ओरखडा हा हातभर अंतरावरून दाखवतो, अशी नजर लाखात एखाद्याची, वगैरे. आई तेव्हा माझा डबा घेऊन दारात उभी होती. ती तिथल्या तिथे म्हणाली, "कसली नजर घेऊन बसलात! पायाखालची चप्पल सापडत नाही त्याला. दगड आहे नुसता." गिऱ्हाईक बिचारं ओशाळलं. मी काच पुसत राहिलो.

घरात माझं नाव दगड्या. माझ्याआधी, ताईच्या पाठीवर, दोन मुलगे झाले आणि दोन्ही पाळण्यातच गेले. धाकटा फार देखणा होता म्हणे. कोणीतरी त्याला लोण्याचा गोळा म्हणालं आणि आठवड्यात तो तापाने गेला. मी झालो तेव्हा आईने ठरवलं, हा कुणाला हवासा वाटताच कामा नये. तेव्हापासून गेली अडतीस वर्षं मी बिनडोक आहे, काळतोंड्या आहे आणि कितीही खाल्लं तरी माझ्या अंगाला लागत नाही. शाळेत चित्रकलेत पहिला आलो तर म्हणाली, "बाकीची मुलं आजारी असतील." हे सगळं ती का करते ते मला ठाऊक आहे. ठाऊक असलं म्हणून मनाला लागायचं थांबत नाही.

बुधवार, ५

विजा थांबल्या. आता काजळीचे कण तरंगतात. बघायला गेलं की बाजूला सरकतात, दुर्लक्ष केलं की परत येतात. खरं सांगायचं तर सुंदर दिसतं. दुपारी काम सोडून दहा मिनिटं पांढऱ्या भिंतीकडे बघत बसलो होतो.

आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर कोण शिंकलं, कोणतं मांजर आडवं गेलं, इथून चौकशी सुरू होईल. ती खिडकीशी शर्टांची काजं करत बसली होती. शिंप्याकडून रोज दहा-बारा शर्ट येतात, त्यांची काजं हाताने करून द्यायची. वय सदुसष्ट, डोळ्याला चष्मा नाही. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं करते आणि बोलता बोलता सुईत घालते. मात्र कोणी आलं की सुई खाली ठेवते. तब्येत विचारली तर "ढकलतेय गाडी", एवढंच. मी बरी आहे असं तिच्या तोंडून मी कधी ऐकलेलं नाही.

शुक्रवार, ७

सकाळी डाव्या डोळ्यात खालून एक करडी सावली वर चढली आणि तिथेच थांबली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाल्या, डोळ्याचा पडदा भिंतीपासून सुटलाय, उद्याच शस्त्रक्रिया. उजव्या डोळ्याचा पडदाही पातळ आहे, त्याच्यावर लक्ष ठेवावं लागेल. पडदा पुन्हा चिकटला तर नजर येईल, नाही चिकटला तर नाही.

दोन्ही डोळे गेले तर मी काय करायचं? मला दुसरं काही येत नाही. हे मी मोठ्याने बोललो बहुतेक, कारण आईने माझा हात धरला.

तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "माझा डोळा काढून ह्याला बसवता येईल का? माझा चांगला आहे." त्यांनी शांतपणे सांगितलं की पडदा असा काढून दुसऱ्याला बसवता येत नाही. आईने मान हलवली. मग म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे नाही येत." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिकलेल्या बाईसमोर काय हे!

मंगळवार, ११

पालथा आहे. शनिवारी शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात वायूचा एक फुगा सोडलाय. त्याने पडदा भिंतीला दाबून धरायचा, आणि फुगा वर जातो म्हणून मी सतत खाली बघायचं. दहा दिवस. जेवताना, झोपताना, सगळं खाली बघून. दोन खुर्च्यांच्या मध्ये आईने गादीची वळकटी बसवलीय, तिच्यावर कपाळ आणि हनुवटी टेकतो. वही खाली फरशीवर. उजव्या डोळ्याने लिहितोय, ओळी कुठे चालल्यात देव जाणे.

आता माझं जग म्हणजे चार फरश्या. दुपारी त्यांच्यावर उन्हाची पट्टी येते, सरकत सरकत भिंतीपाशी जाते आणि मालवते. डाव्या डोळ्यात मधोमध एक गोल आहे, कडेने चंदेरी, आणि मी श्वास घेतला की तो डुलतो. त्या गोलातून फरशी खोल वाटते. काल वाटलं, मी पाण्यावर पालथा तरंगतोय आणि खाली कुणाचं तरी घर आहे, दिवे लागलेलं. भीती वाटली नाही. तिथे उतरून जावंसं वाटलं.

जेवताना आई खुर्च्यांखाली उताणी सरकते. सदुसष्टाव्या वर्षी! मी वर, ती खाली, चमचा मधे. "आ कर, दगडा. सांडू नकोस माझ्या नाकात." तिचा चेहरा त्या गोलात येतो तेव्हा नुसता उजेड दिसतो, नाकडोळे नसलेला. मग ती बोलते आणि कळतं की आई आहे.

आता आजची गंमत. वरच्या मजल्यावरच्या काकू आमच्या घरी चहाला आल्या. लोण्याचा गोळा म्हणणाऱ्या त्याच ह्या काकू. चाळीस वर्षं आईने त्यांना दार उघडलेलं नाही. लहानपणी जिन्यात त्या दिसल्या की ती आम्हाला पाठीमागे लपवायची. ह्यांच्या नजरेने दगड फुटतो, असं आख्खी इमारत म्हणते. आणि आज आई स्वतः वर जाऊन त्यांना बोलावून घेऊन आली. मला त्यांची फक्त पावलं दिसली, अंगठे आत दुमडलेले.

माझ्याबद्दल आई त्यांना म्हणाली, "तो? पडलाय पालथा, त्याच्याकडे काय बघायचंय. माझे डोळे बघा. सदुसष्ट संपतील, पण सुईत दोरा एका फटक्यात. बघा हं." मी खाली ऐकतोय. माझी आई, आणि बढाई!

गुरुवार, १३

आज मला आईचा राग आला, तो लिहून ठेवतो.

सकाळपासून ती गॅलरीत खुर्ची टाकून बसली आहे. पायांत ठेवणीतल्या चपला. जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून सुईत दोरा ओवून दाखवते. कुणाला म्हणते, समोरच्या गच्चीवरची दोरी मला मोजता येते, तिला सात चिमटे आहेत. कुणाला म्हणते, डोळे असावेत तर असे. लोक वाहवा करतात. काकू रोज येतात, त्यांना तर ती अगदी समोर बसवते. "नीट बघा, डोळे भरून बघा," म्हणते.

आणि मी इथे तोंड खाली घालून पडलोय, डोळा राहतो की जातो कळत नाही. मला कधी एका शब्दाने चांगलं म्हटलं नाही, ते मी गिळलं. पण माझा डोळा गेलेला असताना स्वतःच्या डोळ्यांचे पोवाडे? इतका आप्पलपोटेपणा मी तिच्यात कधी बघितला नव्हता. जेवायला नको म्हणालो. ती खुर्च्यांखाली येऊन पडून राहिली, चमचा धरून. शेवटी चमच्यातलं तिच्याच गालावर सांडायला लागलं, म्हणून खाल्लं.

रविवार, १६

ताई आली होती. माझ्या शेजारी फरशीवर बसून पाय चेपले. मी आईचं सगळं सांगितलं. ती हसली. "मलाही फर्मान आहे. चारचौघांत माझ्या डोळ्यांचं कौतुक कर म्हणाली. आणि अट अशी की तुझ्याबद्दल विचारलं तर नाक मुरडायचं."

"म्हातारपणी हौस आली असेल," मी म्हटलं.

"येऊ दे की. जन्मात पहिल्यांदा आलीय."

ताईला सगळंच सोपं वाटतं. पण जाताना दारात तिची पावलं गॅलरीकडे वळली. आई गॅलरीत कुणाला तरी सांगत होती, "चष्मा? तो कशाशी खातात?"

मंगळवार, १८

आज शेवटचा पालथा दिवस. आई शर्ट पोचवायला गेली होती. काकू आल्या, नेहमीच्या वेळेला. आई नाही म्हटल्यावर परत जातील असं वाटलं, पण त्या माझ्यापासून जरा लांब बसल्या. पावलं आणखीच दुमडलेली.

"तुझ्याकडे बघत नाही हो मी," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड आहे माझं."

मला हसू आलं. म्हटलं, बघा की, माझ्यात बघण्यासारखं आहे काय?

मग त्या बोलल्या. भिंतीकडे तोंड करून बोलत असाव्यात, आवाज तसा येत होता. "तुझी आई मला का बोलावते, मला कळतं रे. तिला वाटतं कुणाची तरी नजर तुझ्या डोळ्यांना लागली. ती तिच्या डोळ्यांवर ओढून घ्यायची आहे तिला. म्हणून सगळ्यांना दाखवत सुटलीय. आणि माझ्यापेक्षा वाईट नजर कुणाची ह्या इमारतीत? चाळीस वर्षं माझी नजर नको म्हणून दारं लागली. आता पहिल्यांदा ती मागायला कोणीतरी आलं."

मी वळकटीवरचं तोंड त्यांच्या पावलांकडे वळवलं.

"मी बघते तिच्याकडे, तिला हवं तसं," त्या म्हणाल्या. "पण आतल्या आत म्हणत असते, लागू नकोस, लागू नकोस. खरं तर येणंच बंद करायला हवं. पण चहाला बोलावलं की पाय वर थांबतच नाहीत."

त्या गेल्यावर फरशीवर पाणी पडलं, थेंब थेंब. माझ्याच डोळ्यातलं. गुरुवारचं पान फाडणार होतो. फाडत नाही, राहू दे तसंच. मी काय माणूस आहे ते मला कधीतरी वाचायला लागेल.

शुक्रवार, २८

फुगा लहान होतोय. वरच्या बाजूने स्वच्छ दिसायला लागलंय, खाली पाण्याची एक रेघ. चालताना ती हिंदकळते. रस्ता, माणसं, दुकानांच्या पाट्या, सगळं कमरेपर्यंत पाण्यात उभं आहे. आज मी तसाच गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, पाय पाण्यात आणि डोकं उन्हात.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडदा छान चिकटलाय, चाकावर बसायला हरकत नाही. मी आईला कडकडून मिठी मारली. ती म्हणाली, "बरं." बस, एवढंच. मग वाटेत तिने विचारलं, "आणि उजवा?" उजवाही ठीक आहे म्हटलं. तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मला तर अजून सगळं लख्ख दिसतंय."

बुधवार, २

शिंप्याने पाच शर्ट परत पाठवले. काजं वाकडी. आई म्हणाली, "मला दिसेनासं झालंय वाटतं." तिच्या आवाजात आनंद होता. मी काजं बघितली. टाके इतके सारखे वाकडे होते की चांगली नजर असल्याशिवाय जमायचे नाहीत.

दुपारी पाणी प्यायला उठलो. आई गॅलरीत कठड्याला धरून उभी होती आणि वर सूर्याकडे बघत होती, पापणी न हलवता. गालांवरून पाणी वाहत होतं. मी धावत जाऊन तिचे डोळे हाताने झाकले. ती माझे हात ओढून काढायला लागली. केवढी ताकद त्या बोटांत! "सोड," म्हणाली. "माझे जात नाहीत, म्हणजे ते तुझ्याकडे परत येईल. उजव्यात येईल. सोड मला."

मी तिला आत आणलं, खिडक्या लावून घेतल्या. समजावलं, ओरडलो, पाया पडलो. पडद्याचं चित्र काढून दाखवलं. ती माझ्याकडे दयेने बघत राहिली. उद्या मी दुकानात गेल्यावर ती पुन्हा गॅलरीत जाईल. ताईला फोन करून बोलावून घेतलंय, पण ताई किती दिवस पहारा देणार?

शनिवार, ५

आज आईला दुकानात नेलं. मालकांना सांगून बाहेरच्या दाराची कडी लावली. खुर्चीत बसवून नाकावर तपासायची लोखंडी फ्रेम चढवली आणि समोरचा तक्ता वाचायला सांगितला. सगळ्यात वरचं अक्षर पंज्याएवढं आहे.

"काळं काळं काहीतरी आहे," आई म्हणाली. आणि बोलता बोलता माझ्या कॉलरवरचा एक पांढरा दोरा उचलून टाकला.

आमच्याकडे अशी मुलं येतात, मैत्रिणीला चष्मा आहे म्हणून आपल्यालाही हवा. त्यांना आम्ही साधी काच लावतो, नंबर शून्य, आणि विचारतो, आता? लगेच दिसतं. मग आईबापांना बाजूला घेऊन खरं सांगतो. इथे बाजूला घेऊन सांगायला कोणी नव्हतं. अठरा वर्षांत मी कुणाला खोटा नंबर दिलेला नाही. साधी काच हातात घेऊन बराच वेळ उभा राहिलो. तिच्या वेडाला मी खतपाणी घालतोय का? घालतोय. पण सूर्य काही वाट बघणार नव्हता.

काच लावली. "आता?"

तिने खूप विचार केला. "जरा जरा. फार नाही."

"आई, तुला चष्मा लागला."

"लागला?" ती ताठ बसली. "नक्की?"

"लागला म्हणजे लागला. जन्माचा. आता तो सुटायचा नाही."

"म्हणजे माझे डोळे गेले म्हणायचं?"

"गेल्यातच जमा. पण चष्मा घालून काजं करता येतील. आणि उन्हाकडे बघायचं नाही, नाही तर नंबर जाऊन चष्मा उतरतो." हे शेवटचं मला आयत्या वेळी सुचलं.

तिने डोळे मिटून घेतले. छातीतून एवढा मोठा श्वास सोडला की काचेवर वाफ धरली. मग माझे दोन्ही डोळे तिने एकेका अंगठ्याने हळूच चाचपले, आधी डावा, मग उजवा. "झालं मग," म्हणाली. "सुटलास." डोळ्यासाठी मला रडायची मनाई आहे, तरी रडलो. तिच्यावर इतकं प्रेम मी आजवर कधी केलं नव्हतं आणि तिला एक शब्दही सांगू शकत नव्हतो.

दारापर्यंत गेली आणि परत आली. "काच चांगली जाड लाव. लांबून कळलं पाहिजे."

मंगळवार, ८

चष्मा काल दिला. जाड काच, दोन्ही बाजूंनी सपाट, कडा रुंद. असली काच बनवताना मालकांनी मला वेड्यात काढलं. आई तो घालून तीनदा जिना चढली-उतरली.

आज सकाळी दुकान उघडतोय तोच काकू आल्या. जिन्यात त्यांनी आईला पाहिलं होतं. डोळे सुजलेले, रात्रभर झोपल्या नसाव्यात. दारातच उभ्या राहिल्या, नजर खाली. "लागली शेवटी," म्हणाल्या. "मी मनात नको नको म्हणत होते, तरी लागली. आता मी येत नाही तुमच्याकडे. तुझ्याकडेही बघत नाही."

आईला मी हे कधीच सांगणार नव्हतो आणि दुसऱ्या कुणालाही नाही. पण ह्या बाईला सांगितलं नसतं तर माझ्यासारखा पापी मीच. त्याच काचेचा उरलेला तुकडा चाकाजवळ पडला होता. तो पुसून त्यांच्या हातात दिला. म्हटलं, ही आईच्या चष्म्याची काच, ह्यातून बघा.

त्यांनी तुकडा डोळ्यासमोर धरला. तक्त्याकडे पाहिलं. तुकडा काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. रस्त्याकडे पाहिलं. "काहीच फरक नाही रे."

"नंबर शून्य आहे, काकू. आईच्या डोळ्यांना काहीही झालेलं नाही. तुम्ही महिनाभर रोज बघितलंत."

"काहीच नाही?"

"एवढंसंही नाही."

त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ त्या तुकड्याशी बोटं चाळवत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "आणि ते बाळ?"

"तापाने गेलं, काकू. ताप होता त्याला."

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे पहिल्यांदा बघितले. तपकिरी आहेत, डाव्यात बारीकसा मोतीबिंदू आहे. मी नजर हलवली नाही. त्यांना हवं तेवढं बघू दिलं.

"तिला सांगू नकोस," जाताना त्या म्हणाल्या. म्हटलं, नाही सांगत.

संध्याकाळी घरी आलो तर दोघी गॅलरीत चहा घेत होत्या. आईने नाकावरचा चष्मा सारखा केला आणि चेहरा पाडून म्हणाली, "बघा, ही गत झाली माझी." काकू पुढे वाकल्या. चष्म्यातून आईच्या डोळ्यांकडे त्यांनी मनसोक्त पाहिलं, आणि गालावर हात ठेवून म्हणाल्या, "बाई गं, केवढा हा नंबर!"